यंत्र कोलाब्यात, गणित नागपुरात

कार्डांचा गठ्ठा रबरबँडने बांधला की त्याच्या कडेवर पेन्सिलीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारायची. १९६०च्या दशकात संगणकाशी गाठ पडलेल्या माणसाला ही युक्ती फोरट्रान या प्रोग्रामच्या भाषेच्याही आधी शिकावी लागे. पोस्टकार्डापेक्षा जरा लांबट, कडक कागदाचं कार्ड. त्यावर ऐंशी उभे रकाने. एकेका रकान्यात भोकं पाडून उमटवलेलं एकेक अक्षर, आणि अख्ख्या कार्डावर प्रोग्रामची फक्त एक ओळ. साधंसं समीकरण सोडवायचं म्हटलं तरी दोन-तीनशे कार्डं सहज होत. गठ्ठा हातातून निसटून जिन्यावर पसरला, तर कडेवरची रेघ पुन्हा सलग दिसेपर्यंत कार्डं लावत बसायचं. रेघ मारायची राहिली असेल तर तो दिवस गेलाच.

आपल्याकडे संगणकाचा इतिहास लिहितात तेव्हा यंत्रांची नावं येतात, वेगाचे आकडे येतात, उद्घाटन कुणी केलं तेही येतं. ज्याच्या डोक्यात गणित अडकून पडलं होतं तो माणूस त्या यंत्रापर्यंत पोचला कसा, हे मात्र कुठे सापडत नाही. नागपुरात बसून बघणाऱ्याला हीच बाजू आधी दिसते, कारण मोठं यंत्र या गावाच्या वाट्याला बराच काळ आलंच नाही. यंत्र मुंबईत, नाहीतर पुण्यात. मधे साडेआठशे-सातशे किलोमीटर.

मुंबईचं यंत्र म्हणजे कोलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं. तिथे आर. नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुण मंडळींनी १९५०च्या दशकाच्या मध्यापासून संगणक स्वतः बांधायला घेतला होता. १९५६मध्ये छोटा नमुना तयार झाला, १९६०मध्ये पूर्ण यंत्र चालू झालं आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफरॅक’ असं बारसं केलं. सत्तावीसशे व्हॅक्यूम ट्यूब आणि चाळीस बिटांच्या २,०४८ शब्दांची स्मृती. आजच्या हिशेबात ही स्मृती दहा किलोबाइट भरते. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारं ‘सुप्रभात’चं एक चित्रही तिच्यात मावणार नाही. पण त्या यंत्रावर भौतिकीची खरीखुरी गणितं झाली. यंत्र बांधता येतं हे कळलं तसंच, आपल्या देशात किती जणांच्या टेबलावर किती गणितं पडून आहेत, हेही पहिल्यांदाच कळलं.

म्हणून १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकी मदतीतून आलेला सीडीसी-३६०० बसला, तेव्हा तो एका संस्थेचा संगणक राहिला नाही. तो देशाचा सामायिक संगणक झाला. विद्यापीठं, प्रयोगशाळा, सरकारी खाती, अगदी काही कारखान्यांचीही कामं त्याच्यावर चालत. मुख्य यंत्राच्या पुढ्यात १६०-ए नावाचा धाकटा संगणक असे. कार्डं वाचायची नि निकाल छापायचा, ही हमाली त्याच्याकडे, म्हणजे थोरल्याचा वेळ त्यात जाऊ नये. वेळ किती महाग होता हे एवढ्यावरून कळावं.

आता समजा, १९६६ साली नागपुरात कुणाला असलं गणित सोडवायचंय. धरणाच्या भिंतीवरच्या ताणाचं म्हणा, नाहीतर एखाद्या रेणूच्या ऊर्जापातळ्यांचं. आधी कागदावर प्रोग्राम लिहायचा. फोरट्रानच्या कोऱ्या फॉर्मवर, शिसपेन्सिलीने, एकेका चौकटीत एकेक अक्षर. पहिल्या रकान्यात ‘सी’ लिहिला की ती ओळ नुसती टिपण. सहाव्या रकान्यात काही लिहिलं तर ती ओळ आधीच्या ओळीला जोडलेली. मजकूर सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंतच. पुढचे आठ रकाने कार्डांच्या क्रमांकासाठी, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेची जरा सुशिक्षित बहीण. मग कार्डं पंच करून पेटीत भरायची, रात्रभराचा आणि वर काही तासांचा रेल्वेप्रवास करायचा, कोलाब्याला पोचायचं आणि पेटी खिडकीवर द्यायची. यंत्राला हात लावायचा नाही. यंत्राच्या खोलीत ऑपरेटर, बाहेर तुम्ही. आपली पाळी कधी लागेल ते रांगेवर अवलंबून. निकाल म्हणून लांबरुंद कागदाची घडी हातात पडे. ती उलगडताना छातीत काय होत असेल, ते दहावीचा निकाल भिंतीवर पाहिलेल्या पिढीला सांगायला नको. पुष्कळदा त्या घडीत उत्तराच्या जागी एकच ओळ असे: अमुक क्रमांकाच्या वाक्यात चूक. बघावं तर स्वल्पविराम राहिलेला.

या स्वल्पविरामापाशी एक माणूस उभा असे. त्याच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही. संस्थेने फोरट्रानचे वर्ग चालवले, बाहेरून येणाऱ्यांना शिकवलं. त्यापलीकडे, आलेल्याचा कागद बघून ‘हे असं नका लिहू, असं लिहा’ सांगणारं कुणीतरी तिथे लागत होतंच. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला स्मृती कशी वापरायची ते ठाऊक नसतं आणि ऑपरेटरला रेणू ठाऊक नसतात. दोघांच्या मधे बसून दोघांची भाषा बोलणारा लागतो. सामायिक यंत्राचा खर्च मांडताना हा माणूस कधी धरला जात नाही, आणि तो नसला की यंत्र धूळ खात पडतं. माझं मत विचाराल तर आपल्या देशातल्या निम्म्या महागड्या यंत्रांची कहाणी एवढीच आहे.

त्याच काळात इकडे नागपुरात दुसरी गोष्ट घडत होती. १९६०मध्ये विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग सुरू झालं होतं. नागपूरकरांचं ते ‘व्हीआरसी’, आता व्हीएनआयटी. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातून आलेले विजय भटकर १९६५मध्ये इथून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले, म्हणजे कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकड्यांमधले. पुढे बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण, दिल्लीच्या आयआयटीत डॉक्टरेट, मग तिरुवनंतपुरमला केल्ट्रॉन आणि तिथलं संशोधन केंद्र. यांच्याकडे पुन्हा यायचंच आहे.

मधली वीस वर्षं मी भरभर ओलांडतो. १९७०च्या दशकात टाटा संस्थेत डेकसिस्टिम-१० आला आणि यंत्राशी टर्मिनलवरून बोलता येऊ लागलं. कार्डं हळूहळू अडगळीत गेली. १९८६मध्ये अर्नेट सुरू झालं. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी अशा मोजक्या संस्थांनी टेलिफोनच्या तारांवरून एकमेकांना ईमेल धाडायला सुरुवात केली. त्यात एनसीएसटीच्या एस. रमणी यांचा वाटा मोठा. एक मोडेम बराच वेळ कुंई-कुंई करी, मग पलीकडचा मोडेम ओळख दाखवी, आणि पत्र जाई. पण ही तार ज्यांच्या दारापर्यंत गेली त्या संस्था मोजक्याच होत्या. महाविद्यालयात शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्या प्राध्यापकासाठी या दशकात झालेलं मोलाचं काम खरं तर पुण्यात झालं आणि त्यात तारेचा संबंध नव्हता. १९८८मध्ये जयंत नारळीकरांनी उभारलेली ‘आयुका’ ही मुळात आंतरविद्यापीठीय संस्था. छोट्या गावच्या विद्यापीठातल्या, महाविद्यालयातल्या शिक्षकाने सहयोगी म्हणून यावं, काही आठवडे राहावं, ग्रंथालय वापरावं, संगणक वापरावा आणि आपल्या गावी परतून काम पुढे न्यावं, अशी ती रचना. इथेही आगगाडी होतीच. फरक इतकाच की पोचल्यावर खिडकीच्या आत घेत.

आणि मग क्रेचं प्रकरण झालं. मॉन्सूनच्या अंदाजासाठी आणि विज्ञान संस्थेतल्या संशोधनासाठी भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. १९८७च्या सुमारास बराच पत्रव्यवहार झाला. अमेरिकेला धास्ती अशी, की याच यंत्रावर अण्वस्त्रांची गणितंही होतील. शेवटी मागितला त्याहून धाकटा एक क्रे, कडक अटींसह, फक्त हवामानासाठी दिल्लीला मिळाला. बंगळूरला नकार. हा नकार आपल्याकडे नेहमी राष्ट्राभिमानाची गोष्ट म्हणून सांगितला जातो आणि त्यात खोटं काही नाही. पण संशोधकाच्या बाजूने पाहिलं तर ते खिडकीवरचंच भांडण होतं: कुणाची पेटी आत घ्यायची आणि कुणाची नाही. फक्त यावेळी खिडकी वॉशिंग्टनला होती.

राजीव गांधींनी भटकरांना विचारलं, तुम्ही करू शकाल का? आपण महासंगणक पाहिलेलाही नव्हता, क्रेचा फोटो तेवढा पाहिला होता, असं भटकरांनी पुढे अनेक मुलाखतींत हसत सांगितलं आहे. मार्च १९८८मध्ये त्यासाठी सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. मुक्काम पुणे, गणेशखिंडीचा विद्यापीठ परिसर. मुदत तीन वर्षं, हाताशी तीसेक कोटी रुपये. १ जुलै १९९१ रोजी ‘परम ८०००’ जाहीर झाला.

परमची युक्ती समजून घेतल्याशिवाय पुढची सगळी भानगड कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो. क्रेसारखं यंत्र म्हणजे एकच पण अफाट वेगाचा बल्लवाचार्य. तसा आचारी आपल्याला कुणी देईना. मग भटकरांच्या चमूने साधे स्वयंपाकी गोळा केले. बाजारात मिळणाऱ्या, इन्मॉस कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिपा. एकेक चिप बेताच्याच वेगाची, पण तिला चार बाजूंनी चार जोडण्या, म्हणजे शेजारच्या चार चिपांशी थेट बोलता येतं. अशा चौसष्ट एकमेकींना जोडल्या. आता विदर्भाच्या नकाशावर चौकटी आखा. बुलढाण्याची चौकट एका चिपेकडे, अकोल्याची दुसरीकडे, नागपूर, भंडारा, गडचिरोली अशीच पुढे. प्रत्येकीने आपापल्या चौकटीतलं तापमान, वारा, दाब यांचं पुढच्या काही मिनिटांचं गणित करायचं. पण वारा काही जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही. म्हणून प्रत्येक फेरीनंतर प्रत्येकीने शेजारणींना सांगायचं, माझ्या कडेला काय चाललंय. मग पुढची फेरी. याला समांतर संगणन म्हणतात आणि यात सगळी मेख त्या ‘शेजारणींना सांगण्यात’ आहे.

लग्नाच्या पंगतीत वाढपी दहाचे वीस केले तर वाढणं निम्म्या वेळात होतं. पण भात शिजायला लागणारा वेळ वाढप्यांची संख्या बघत नाही. शंभर मिनिटांचं काम असेल आणि त्यातली दहा मिनिटं अशी न वाटता येणारी असतील, तर उरलेली नव्वद चौसष्टांत वाटूनही एकूण साडेअकरा मिनिटांच्या आसपास लागतात. चौसष्ट पट यंत्र, आणि काम झालं जेमतेम पावणेनऊ पट भराभर. जीन आम्डाल याने १९६७मध्ये हे गणित मांडलं तेव्हापासून समांतर यंत्र बांधणाऱ्यांच्या मानेवर ते बसून आहे.

म्हणजे झालं काय, तर परम आला आणि ज्यांच्यासाठी आला त्यांचे प्रोग्राम त्याच्यावर चालेनात. पंधरा वर्षं घासूनपुसून तयार केलेलं फोरट्रान एका आचाऱ्यासाठी लिहिलेलं. ते चौसष्टांत कसं वाटायचं, कुठे कापायचं, कुठल्या कडेची माहिती कुणाला कधी द्यायची, हे संशोधकाला कोण सांगणार? सी-डॅकने परमसाठी ‘पारस’ नावाचं प्रोग्रामिंगचं पर्यावरण तयार केलं. (अकोल्याकडच्या माणसाला पारस म्हटलं की औष्णिक वीज केंद्र आठवतं. नाव ठेवताना भटकरांच्या मनात काय होतं, देव जाणे.) आणि पुन्हा तोच जुना माणूस उगवला, दोन भाषा बोलणारा. आता त्याच्या हातात पंच कार्ड नव्हतं, पण काम तेच: समोरच्याचा प्रोग्राम वाचायचा आणि तो कुठे चिरायचा ते त्याच्या शेजारी बसून ठरवायचं. १९९४मध्ये एमपीआय नावाची संदेशवहनाची सामायिक पद्धत जगभर ठरली आणि एकदा चिरलेला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावरही चालू लागला. त्याआधी यंत्र बदललं की चिरफाड नव्याने.

परमच्या वंशावळीचे मोठे आकडे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असतील. १९९८चा परम १००००, एक टेराफ्लॉपवर पोचलेला परम पद्म, २००८चा परम युवा. मधेच २००७च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच टाटांच्या ‘एका’ने जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आणि आशियात पहिला क्रमांक पटकावला. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर यंत्रांची उणीव आता राहिली नव्हती. त्यातली बरीच एका नदीच्या खोऱ्यात होती इतकंच. मुळा-मुठेच्या.

याच सुमाराला ‘ग्रिड’ हा शब्द आला. कल्पना अमेरिकेतल्या इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी १९९०च्या दशकाअखेर रूढ केली आणि उपमा विजेच्या जाळ्याची. ही उपमा कुठे नाही तरी नागपुरात समजायला हरकत नसावी. गावाच्या उशाशी कोराडी, पलीकडे खापरखेडा, खाली चंद्रपूर. घरातलं बटण दाबताना ही वीज कोराडीची की चंद्रपूरची, असं कुणी विचारत नाही. तसंच संशोधकाने आपलं गणित जाळ्यात सोडावं. ते पुण्याच्या यंत्रावर चाललं की बंगळूरच्या, याची त्याला फिकीर नसावी. कुठे यंत्र मोकळं आहे ते जाळ्याने शोधावं. पश्चिमेचं आणि दक्षिणेचं वीजजाळं त्याआधी काही वर्षं चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला जोडलं गेलं होतं, तेही थेट नाही, एकदिश प्रवाहाच्या दुव्यातून, कारण दोन जाळ्यांची स्पंदनं एकमेकांशी जुळत नव्हती. ती जुळवून दक्षिण खऱ्या अर्थाने जोडली गेली ३१ डिसेंबर २०१३ला, सोलापूर-रायचूर वाहिनीने. विजेच्या जाळ्याला इतकी वर्षं लागली. मग संगणकाच्या जाळ्याने दोन-चार वर्षांत गडबडून काय होणार होतं?

भारताचं संगणक-जाळं सी-डॅकने २००५च्या सुमारास विणायला घेतलं. नाव ‘गरुड’. पहिल्या टप्प्यात सतरा शहरं आणि पंचेचाळीस संस्था. महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे. नागपूर त्या सतरांत नव्हतं. देशाचा शून्य मैलाचा दगड ज्या गावात, त्या गावावरून गरुड उडून गेला म्हणायचा. पण रडगाणं गाण्यात अर्थ नाही. पहिल्या खेपेला जिथे यंत्रं होती तिथलीच जोडली गेली, आणि आमच्याकडे जोडण्यासारखं काय होतं?

गरुडावर जायचं म्हणजे काय करावं लागे ते जवळून बघण्यासारखं आहे, कारण खिडकीचा नवा अवतार तिथे दिसतो. पूर्वी खिडकीपलीकडचा माणूस तुम्हाला चेहऱ्याने ओळखे. आता पंचेचाळीस संस्थांच्या यंत्रांनी तुम्हाला न बघता आत घ्यायचं होतं. त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र. ते देण्यासाठी सी-डॅकने भारतीय ग्रिड प्रमाणन प्राधिकरण उभारलं आणि २००८मध्ये त्याला आशिया-प्रशांतच्या संघटनेची मान्यता मिळाली, म्हणजे इथलं प्रमाणपत्र परदेशी ग्रिडवरही चालावं. संशोधकाने अर्ज करायचा. तोच तो आहे याची खात्री संस्थेतल्या नेमलेल्या माणसाने ओळखपत्र बघून करायची. मग प्रमाणपत्र येई, ते ब्राउझरमध्ये उतरवायचं, तिथून बाहेर काढायचं, दोन तुकड्यांत फोडायचं. एक तुकडा जगाला दाखवायचा, दुसरा कुलूपबंद ठेवायचा आणि त्याच्या फाइलवर दुसऱ्या कुणाला वाचायचीही परवानगी ठेवायची नाही. ठेवली तर यंत्र हटून बसतं. एवढं झाल्यावर रोज कामाला बसताना त्यातून साधारण बारा तास चालणारा तात्पुरता परवाना काढायचा. दुपारी काढलेला परवाना मध्यरात्रीनंतर संपला आणि यंत्राला दिलेला जॉब अर्ध्यावर मेला, हा अनुभव ग्रिडवर काम केलेल्या जगातल्या कुठल्याही माणसाला नवा नाही.

आणि विजेची उपमा नेमकी इथेच तुटते. कोराडीचं युनिट आणि चंद्रपूरचं युनिट यात पंख्याला काही फरक पडत नाही. पुण्याचं यंत्र आणि बंगळूरचं यंत्र यात प्रोग्रामला पडतो. इथे एक कंपायलर, तिथे दुसरा. इथे गणिताच्या लायब्ररीची नवी आवृत्ती, तिथे जुनी. इथे फाइल ठेवायला ही जागा, तिथे ती. ग्रिडवर गणित सोडणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, अनोळखी घरात जाऊन स्वयंपाक करणं आहे. मीठ कुठल्या डब्यात आहे तिथपासून सुरुवात. म्हणून ग्रिड जिथे फळाला आलं तिथे आधी ठरलेला, सगळ्यांचा सारखा प्रोग्राम होता आणि मदतीला बसलेली माणसं होती. जिनिव्हाच्या सर्नचं जाळं हे त्याचं ठळक उदाहरण. तिथल्या कणांच्या टकरींतून निघणारी माहिती एका जागी साठवणं नि तपासणं अशक्य, म्हणून चाळीसेक देशांतल्या दीडशेहून जास्त केंद्रांत ती वाटली गेली. त्यातलं एक कोलाब्याला, त्याच टाटा संस्थेत, सीएमएस प्रयोगासाठी, दुसरं कोलकात्याला. या जाळ्यात कुठलं केंद्र चालू आहे नि कुठलं गळालंय यावर नजर ठेवणारी ‘ग्रिडव्ह्यू’ ही प्रणाली मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी सर्नबरोबर बांधली. ४ जुलै २०१२ला हिग्ज कणाची घोषणा झाली तेव्हा सर्नच्या महासंचालकांनी त्वरक आणि प्रयोग यांच्या जोडीला ग्रिडचंही नाव घेतलं होतं. १९६४मध्ये देशभरची कार्डं ज्या आवारात येत होती, तिथे आता कुठल्या कुठल्या खंडांतल्या विद्यार्थ्यांचे जॉब येऊन पडत होते. त्यांच्यापैकी कुणाला कोलाबा कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नव्हती.

गरुडाचा मला सर्वांत भावलेला उपयोग मात्र क्षयाशी संबंधित आहे. सीएसआयआरने २००८मध्ये खुल्या औषधशोधाचा प्रकल्प काढला. क्षयाच्या जंतूच्या प्रथिनांवर कुठला रेणू चिकटेल हे संगणकावर पडताळायचं, आणि त्यात देशभरच्या कॉलेजांतल्या मुलांनी हात घालायचा. असलं काम ग्रिडसाठीच जन्मलेलं. लाखभर रेणू, प्रत्येकाचं गणित स्वतंत्र, शेजारणीला काही सांगायचं नाही, भात शिजायची वाट बघायची नाही. प्रयोगशाळा नसलेल्या कॉलेजातल्या पोराला पहिल्यांदाच असं काहीतरी मिळालं, ज्यात त्याचा कॉलेजचा पत्ता आड आला नाही.

त्यानंतर चित्र भराभर बदललं. २०१०मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि एनआयटी, आयआयटी, सीएसआयआरच्या प्रयोगशाळा जाड तारेने जोडल्या जाऊ लागल्या. नागपुरात व्हीएनआयटी आणि नीरी दोन्ही त्या चाळणीत बसणाऱ्या. ग्रिड हा शब्द मागे पडून क्लाउड पुढे आला. २०१५मध्ये साडेचार हजार कोटींचं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झालं. त्यातून पुण्याच्या आयसरला ‘परम ब्रह्म’ आला, सी-डॅकमध्ये ‘परम सिद्धी’ बसला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये ‘परम रुद्र’ जाहीर झाले, त्यातला एक खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी. टेबलाशेजारी मावणारा ‘परम शावक’ही सी-डॅकने काढला, इंजिनिअरिंग कॉलेजांना परवडावा म्हणून. नाव चांगलं आहे. सिंह पुण्यात, बछडे गावोगावी. अभियानाच्या कागदांत यंत्रांबरोबर माणसं शिकवण्याचाही मुद्दा आहे, त्यासाठी चार आयआयटींत केंद्रं नेमली आहेत. उशिरा का होईना, त्या दोन भाषा बोलणाऱ्या माणसाला सरकारदरबारी जागा मिळाली.

आज बजाजनगरच्या एखाद्या खोलीतल्या पीएचडीच्या मुलीला पेटी उचलावी लागत नाही. काळी खिडकी उघडायची, पुण्याच्या यंत्राचं नाव टाकायचं, परवलीचा शब्द, मग मोबाईलवर आलेला आकडा. की झाली आत. गणित आधीच लिहिलेलं आहे. त्याच्या माथ्यावर आठ-दहा ओळींची चिठ्ठी जोडायची: किती नोड हवेत, किती तास, कुठली लायब्ररी, निकाल कुठे ठेवायचा. चिठ्ठी रांगेत टाकली की स्लर्म नावाचा कारकून तिला नंबर देतो आणि नावापुढे ‘पीडी’ अशी दोन अक्षरं लिहितो. म्हणजे पेंडिंग. पुढे शेकडो जॉब. आता ती खाली जाऊन तर्री पोहे खाऊन येते, तरी ‘पीडी’. रात्री झोपण्याआधी बघते, ‘पीडी’. सकाळी उठून बघते तर जॉब पहाटे चारला सुरू झालेला आणि अकरा सेकंदांत बंद पडलेला. एका फाइलच्या पत्त्यात एक तिरकी रेघ राहून गेली होती.